बुडालेल्यांसाठी कोण रडलं?

फोनवर कधी ना कधी तो तक्ता तुमच्यासमोर आला असेल. डावीकडे गिल्गमेश, उजवीकडे बायबल. वरची शक्ती चिडते: दोन्हीकडे बरोबरची खूण. एका माणसाला आधीच कुणकुण लागते: बरोबरची खूण. जहाज, डांबर, जनावरं, पाऊस, डोंगर, पक्षी, होम: खूण, खूण, खूण. शेवटी मोठ्या अक्षरांत निकाल, की बायबलनं गोष्ट ढापली. खाली कॉमेंटमध्ये दोन तट. एक म्हणतो, बघा, सगळे धर्म म्हणजे कॉपी-पेस्ट. दुसरा म्हणतो, उलट यावरूनच सिद्ध होतं की तो पूर खरंच आला होता. भांडून झालं की दोघंही पुढच्या रीलकडे जातात.

तक्ता बहुतांशी बरोबर आहे, हे आधीच कबूल. अडचण अशी की तक्ता फक्त साम्यं मोजतो. एकच गोष्ट दोन घरांत सांगितली जाते, तेव्हा ती कुठे सारखी आहे यापेक्षा कुठे बदलली हे जास्त बोलकं असतं. आजीची गोष्ट मावशी सांगते आणि मधला एक प्रसंग गाळते, तेव्हा आपण विचारतोच ना, की हा का गाळला? पुराच्या या गोष्टींना विचारण्यासारखे माझ्याकडे दोनच प्रश्न आहेत. दोष कुणावर टाकला? आणि जे बुडाले, त्यांच्यासाठी कोण रडलं?

तक्त्याचा जन्म

हा तक्ता पहिल्यांदा मांडला गेला लंडनमध्ये, १८७२ साली. जॉर्ज स्मिथ हा बत्तीस वर्षांचा माणूस ब्रिटिश म्युझियममध्ये मातीच्या फुटक्या पाट्या जुळवत बसायचा. त्याची शाळा चौदाव्या वर्षी सुटली होती. नोटा छापण्यासाठी लागणारे ठसे कोरायचं काम तो शिकला होता. मधल्या सुट्टीत म्युझियममध्ये जाऊन जाऊन तो कीलाक्षर लिपी वाचायला लागला. ओल्या मातीवर बोरू टोचून खिळ्यासारख्या खुणा करायच्या, अशी ती लिपी.

पाट्या आल्या होत्या निनवेहून, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलच्या शेजारून. इ.स.पू. सातव्या शतकातल्या अश्शूरबनिपाल राजाचं ग्रंथालय तिथे मातीखाली गाडलं गेलं होतं. ऑस्टिन हेन्री लेयार्ड आणि मूळचा मोसुलचाच असलेला होर्मुझ्द रस्साम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते खणून काढलं. त्यातल्या एका पाटीवर स्मिथला वाचायला मिळालं, की एक जहाज डोंगरावर अडकलं आहे, त्यातून एक पक्षी सोडला आहे आणि बसायला जागा न मिळाल्यानं तो परत आला आहे. आनंदाच्या भरात तो खोलीत धावत सुटला आणि अंगावरचे कपडे काढायला लागला, असं सांगतात. खरं-खोटं तोच जाणे. ३ डिसेंबर १८७२ ला त्यानं हा शोध एका सभेत वाचून दाखवला, आणि श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन बसले होते. एका वर्तमानपत्रानं पैसे दिले, स्मिथ निनवेला गेला, आणि पुराच्या कथेचा आणखी एक तुकडा त्याला सापडलासुद्धा. तिसऱ्या प्रवासात, १८७६ मध्ये, अलेप्पो शहरात आजारपणानं त्याचा मृत्यू झाला. वय अवघं छत्तीस.

तेव्हा अनेकांनी या पाटीचा अर्थ लावला तो असा, की बायबल खरं असल्याचा पुरावा मिळाला. तीसच वर्षांनी वारं फिरलं. १९०२ मध्ये फ्रीडरिश डेलित्श या जर्मन पंडितानं बर्लिनमध्ये, खुद्द कैसरसमोर, 'बाबेल आणि बायबल' या विषयावर व्याख्यान दिलं. बायबलची मुळं बॅबिलोनमध्ये आहेत, असं त्याचं म्हणणं. पुढे त्याच्या लिखाणाला यहुदीद्वेषाची उघड किनार आली. म्हणजे कॉमेंटमधले ते दोन तट शंभर वर्षांहून जुने आहेत, आणि 'कुणी कुणाचं ढापलं' हा प्रश्न दिसतो तितका भाबडा नाही. तो विचारणाऱ्याच्या मनात पुष्कळदा आधीच एक आरोपी ठरलेला असतो.

संपावर गेलेले देव

गिल्गमेशच्या महाकाव्यात पुराची गोष्ट अकराव्या पाटीवर येते, पण तिथे ती पाहुणी आहे. मित्र एन्किदू मेल्यावर मरणाच्या भीतीनं सैरभैर झालेला गिल्गमेश जगाच्या टोकाला राहणाऱ्या उतनापिश्तिमला गाठतो आणि विचारतो, तू कसा अमर झालास? उत्तरादाखल उतनापिश्तिम ही गोष्ट सांगतो. त्याआधीची सुमेरी भाषेतली गोष्टही निप्पूरच्या पाटीवर तुकड्यांत सापडली आहे. तिथे वाचलेल्याचं नाव झिउसुद्रा. पण गोष्ट सुरुवातीपासून, कारणांसकट, सांगितली आहे ती 'अत्राहासिस' या अक्कादी काव्यात. इ.स.पू. सतराव्या शतकात, अम्मिसदुका राजाच्या काळात, एका लेखनिकानं ते तीन पाट्यांवर उतरवून ठेवलं. अत्राहासिस हे नायकाचं नाव, अर्थ 'अतिशय शहाणा'.

हे काव्य सुरू होतं देवांच्या मजुरीपासून. माणूस अजून जन्मलेला नाही. मोठे देव आराम करतात आणि धाकट्या देवांना कालवे खणायला लावतात. टायग्रिस आणि युफ्रेटिस नद्यांच्या मधल्या सपाट प्रदेशात ज्यांनी शेती केली, त्यांना कालव्यातला गाळ उपसणं म्हणजे काय ते नेमकं ठाऊक होतं. शेवटी धाकटे देव अवजारं जाळतात आणि मध्यरात्री एन्लिलच्या वाड्याला वेढा घालतात. एन्लिल झोपेतून उठतो, घाबरतो. तोडगा निघतो तो असा: एका देवाला मारायचं, त्याचं रक्तमांस मातीत कालवायचं आणि त्यातून माणूस घडवायचा. यापुढे कष्ट त्यानं करायचे.

माणसं वाढतात. त्यांचा गोंगाट वाढतो. एन्लिलला झोप लागेनाशी होते. तो आधी रोगराई पाठवतो, मग दुष्काळ. दर वेळी एन्की हा शहाणा देव (यालाच पुढे एआ म्हणतात) माणसांना युक्ती सुचवतो: बाकीच्या देवांची पूजा थांबवा आणि हे संकट ज्याच्या हातात आहे त्या एकाच्या दारात नैवेद्य ठेवा. तो ओशाळतो आणि संकट मागे घेतो. एन्लिलचा संताप अनावर होतो, आणि मग सगळ्या देवांना शपथ घालून तो पूर ठरवतो.

या 'गोंगाटा'त काही अभ्यासक वाढलेली लोकसंख्या वाचतात, तर काही बंडखोरी. मला वाटतं, कवीनं उत्तर गोष्टीच्या रचनेतच ठेवलं आहे. एन्लिलची झोप दोनदा मोडते. पहिल्यांदा कालवे खणणाऱ्या देवांच्या आरड्याओरड्यानं, दुसऱ्यांदा त्यांच्या जागी आणलेल्या माणसांच्या. दोन्ही वेळा आवाज राबणाऱ्यांचा आहे. पहिल्या वेळी ओरडणारे त्याच्याच जातीचे होते, म्हणून वाटाघाटी झाल्या. दुसऱ्या वेळी पाणी सोडलं गेलं. माणसांनी अमुक एक पाप केलं, असं हे काव्य कुठेही ठामपणे म्हणत नाही. दोष कुणाचा, या प्रश्नाला त्याचं उत्तर जवळजवळ उघड आहे: ज्याला झोप हवी होती, त्याचा.

लेकी बोले सुने लागे

माणसांना सांगायचं नाही अशी शपथ एन्कीनंही घेतली आहे. मग तो काय करतो? कुडाच्या भिंतीशी बोलतो. घर मोड, होडी बांध, मालमत्तेचा मोह सोड आणि जीव वाचव, हे सगळं तो भिंतीला सांगतो. भिंतीपलीकडे अत्राहासिस ऐकत असतो. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण आपल्याकडे सासवांच्या नावावर जमा आहे, पण हा प्रकार किमान पावणेचार हजार वर्षं जुना दिसतो.

होडीचं वर्णन पाटीगणिक बदलतं. गिल्गमेशमध्ये ती चक्क घनाकार आहे, लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १२० हात. उत्पत्तीच्या पुस्तकातलं नोहाचं तारू ३०० हात लांब, ५० हात रुंद, ३० हात उंच, म्हणजे लांबट पेटीसारखं. २०१४ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या अर्व्हिंग फिंकेल यांनी सुमारे इ.स.पू. १९०० ते १७०० या काळातली एक छोटी पाटी पुस्तकरूपानं लोकांसमोर आणली. तिच्यात होडी गोल आहे: दोरांची वेटोळी रचून बनवलेली, डांबर फासलेली, सुमारे ७० मीटर व्यासाची प्रचंड टोपली. हंपीला तुंगभद्रेत जी गोल टोपलीसारखी होडी गरगर फिरते, तसलीच होडी इराकच्या नद्यांवर विसाव्या शतकापर्यंत चालत होती. या पाटीबरहुकूम एक छोटी प्रतिकृती बांधूनही पाहिली गेली, आणि ती बांधली केरळात. तिला थोडी गळती लागली, पण ती तरंगली.

आकडे आणि आकार गमतीचे आहेत. माझा जीव मात्र अडकतो तो होडी निघण्याआधीच्या रात्रीत.

गिल्गमेशमध्ये एआ उतनापिश्तिमला शहरवासीयांशी काय बोलायचं तेही शिकवतो. एन्लिलचं माझ्याशी वाकडं आहे म्हणून मी जातोय, तुमच्यावर मात्र समृद्धीचा पाऊस पडेल, असं सांग. बोलणं द्वयर्थी आहे. ऐकणाऱ्याला धान्य ऐकू येतं आणि सांगणाऱ्याला सर्वनाश माहीत असतो. होडी बांधणाऱ्यांना सणासारखी मेजवानी मिळते, दारू पाण्यासारखी वाहते. अत्राहासिसच्या काव्यात याच मेजवानीचं एक चित्र आहे. घरचे लोक खातपीत आहेत. तो मात्र सारखा आत-बाहेर करतो. त्याला बसवत नाही, टेकवत नाही. काळीज फाटतं आहे आणि तोंडातून पित्त उलटून पडतं आहे.

जगबुडीच्या गोष्टींत मी वाचलेला हा सगळ्यात खरा क्षण आहे. इथे वाचणारा माणूस सुखरूप नाही. आपण वाचणार आणि समोर हसणारे हे लोक मरणार, हे त्याच्या शरीरालाच सोसवत नाही. कवीनं त्याच्या तोंडी भाषण दिलेलं नाही. फक्त पोट ढवळून काढलं आहे.

गळ्यातल्या निळ्या माश्या

पूर येतो आणि देवच भेदरतात. गिल्गमेशमध्ये ते आकाशात सर्वांत वर पळून जातात आणि कुत्र्यांसारखे भिंतीला चिकटून बसतात. माणसाला जन्म देणारी मातृदेवता (गिल्गमेशमध्ये तिचं नाव बेलेत-इली) बाळंतिणीसारखी किंचाळते. देवांच्या सभेत या विनाशाला मी हो कसं म्हटलं, असं ती स्वतःलाच विचारते. आपणच जन्माला घातलेली माणसं पाण्यावर तरंगताना तिला दिसतात, चतुरांनी नदी भरून जावी तशी. इतर देव तिच्याबरोबर रडतात. त्या रडण्यात भूकही आहे, हे कवी लपवत नाही. नैवेद्य दाखवणारं आता कुणी उरलेलं नाही.

सहा दिवस आणि सात रात्रींनी वादळ शमतं. उतनापिश्तिम झरोका उघडतो, गालावर ऊन पडतं. बाहेर सगळी माणसं पुन्हा माती झालेली. तो खाली बसतो आणि रडतो. मग होडी डोंगराला टेकते, कबूतर, पाकोळी आणि डोमकावळा सोडले जातात, होम होतो, आणि उपाशी देव वासावर माश्यांसारखे जमतात.

तेवढ्यात बेलेत-इली येते. अनू देवानं प्रेमाच्या दिवसांत तिला एक हार दिला होता, निळ्याशार लाजवर्दी माश्यांचा. तो हार उंच धरून ती म्हणते, की गळ्यातल्या या हाराची शपथ, हे दिवस मी विसरणार नाही. आणि एन्लिलनं या नैवेद्याजवळ फिरकू नये. कारण विचार न करता त्यानं माझी माणसं बुडवली.

एन्लिल येतो, माणूस जगलेला पाहून पुन्हा भडकतो. आता एआ त्याला जे सुनावतो, ते जगातल्या जुन्यातल्या जुन्या कायदेशीर युक्तिवादांपैकी एक म्हणायला हरकत नाही. ज्यानं गुन्हा केला त्याला शिक्षा कर. सगळ्यांना एकाच पाण्यात बुडवणं हा कुठला न्याय? माणसं कमी करायची होती तर सिंह होते, लांडगे होते, दुष्काळ होता. एन्लिल निरुत्तर होतो आणि उतनापिश्तिमला व त्याच्या बायकोला अमरत्व देतो. अत्राहासिसचा शेवट जास्त थंड आहे. यापुढे गर्दी होऊ नये म्हणून काही स्त्रियांना मूल होणार नाही, काही बाळं आईच्या मांडीवरून एक राक्षसी उचलून नेईल आणि काही पुजारिणींना मातृत्व वर्ज्य राहील. घरोघरी होणाऱ्या बालमृत्यूंचं स्पष्टीकरण एका फर्मानात बसवून टाकलं आहे.

गोष्ट गेली कशी?

ही कथा यहुदी लेखकांपर्यंत कशी पोचली, यासाठी एकच वाट शोधायची गरज नाही. अक्कादी ही कित्येक शतकं दरबारांची आणि पत्रव्यवहाराची भाषा होती, आणि ती शिकताना विद्यार्थी हीच काव्यं गिरवत. सीरियाच्या किनाऱ्यावरच्या उगारितमध्ये पुराच्या कथेचा तुकडा सापडला आहे. आजच्या इस्रायलमधल्या मेगिद्दोला गिल्गमेशच्या काव्याचा तुकडा मिळाला आहे, तोही बायबलची पुस्तकं लिहिली जाण्याच्या कितीतरी आधीचा. पुढे इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बॅबिलोनच्या सैन्यानं यरुशलेम उद्ध्वस्त केलं आणि तिथल्या राजघराण्यातल्या, लिहित्या-वाचत्या लोकांना बंदी करून बॅबिलोनला नेलं. आपलं देऊळ जाळणाऱ्यांच्या शहरात, त्यांच्याच देवांच्या गोष्टी कानावर पडत असताना, या लोकांनी आपला वारसा जुळवून लिहायला घेतला. उत्पत्तीच्या पुस्तकाचा बराचसा भाग या काळात किंवा नंतर घडला, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

'ढापली' हा शब्द इथे खोटा वाटू लागतो. जिंकलेल्यांची गोष्ट हरलेल्यांनी हाती घेतली आणि ती आपल्या अटींवर पुन्हा सांगितली. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये सीता रामाला जाब विचारते, तेव्हा त्या बायांनी रामायण ढापलं असं आपण म्हणत नाही.

एकट्या देवाची अडचण

उत्पत्तीच्या सहाव्या ते नवव्या अध्यायांत पुराची गोष्ट आहे. खरं तर दोन गोष्टी एकमेकींत विणलेल्या आहेत. एका ठिकाणी प्रत्येक जनावराची एकेक जोडी, दुसरीकडे शुद्ध जनावरांच्या सात-सात. एकीकडे ४० दिवस पाऊस, दुसरीकडे १५० दिवस पाणी. एका धाग्यात देवाचं खास नाव येतं, दुसऱ्यात नुसता 'देव'. मराठी बायबलमध्येही 'परमेश्वर' आणि 'देव' अशी अदलाबदल लक्ष देऊन वाचलं तर दिसते. जुळवणाऱ्यांनी एकही धागा तोडला नाही. विसंगती राहिल्या तरी चालतील, पण वारसा गाळायचा नाही, असं त्यांचं धोरण दिसतं.

एक गोष्ट मात्र त्यांना ठेवता येणार नव्हती: भांडणारे देव. बॅबिलोनमध्ये बुडवणारा एन्लिल, वाचवणारा एआ, रडणारी बेलेत-इली. तीन कामांसाठी तिघं होते. इथे देव एकच आहे आणि तिन्ही कामं त्यालाच करायची आहेत. त्यामुळे सभेतलं भांडण त्याच्या एकट्याच्या मनात शिरतं. तो माणूस घडवल्याचा पश्चात्ताप करतो, त्याच्या काळजाला यातना होतात, तोच पूर आणतो, तोच नोहाला मोजमापं सांगतो आणि तारवाचं दारही तोच बाहेरून बंद करतो. देवांच्या गर्दीत ही गोष्ट जवळजवळ प्रहसन होती. इथे ती अंगावर येते, कारण मारणारा आणि वाचवणारा हात एकच आहे.

एकट्या देवाची झोप मोडली म्हणून जग बुडालं, असं सांगता येत नाही. मग पुराला कारण हवं, आणि ते नैतिक हवं. म्हणून गोंगाटाच्या जागी हिंसा येते. पृथ्वी जुलमानं भरून गेली आहे, माणसाच्या मनातल्या कल्पनाच वाईट आहेत. या एका बदलानं दोन गोष्टी झाल्या. माणसाचं वजन वाढलं. त्याच्या वागण्यानं जगाचं भवितव्य ठरतं, तो नुसता कालवे खणणारा मजूर उरला नाही. आणि त्याच वेळी दोषही सगळा त्याच्या पदरात पडला. एन्लिलकडे बोट दाखवायची सोय संपली.

बदल इथेच थांबत नाहीत. पुरानंतर देव नोहाला सांगतो, की फळा, वाढा, पृथ्वी भरून टाका. अत्राहासिसच्या शेवटासमोर हे ठेवून पाहा. तिथे माणसं कमी कशी राहतील याचा बंदोबस्त होता, इथे वाढण्याचा आशीर्वाद आहे. हा नुसता योगायोग असेल असं मला वाटत नाही. त्या फर्मानाला दिलेलं हे प्रत्युत्तर वाटतं.

होमाचा वास मात्र दोन्हीकडे आहे. इथे देव तो वास घेतो, पण भुकेनं झडप घालत नाही. आणि पुढे तो जे ठरवतो, ते फार विलक्षण आहे. माणसाच्या मनातल्या कल्पना बाळपणापासून वाईटच असतात, तेव्हा यापुढे मी असा विनाश करणार नाही. थांबून नीट पाहा. माणूस वाईट आहे हे पुराआधी बुडवण्याचं कारण होतं. पुरानंतर तेच न बुडवण्याचं कारण झालं. म्हणजे पुरानं माणूस सुधारला नाही. बदलला तो देव. एवढं मोठं विधान त्या लेखकानं अर्ध्या वाक्यात, काही न समजावता, ठेवून दिलं आहे.

रिकामी जागा

आता दुसरा प्रश्न. बुडालेल्यांसाठी कोण रडलं?

उत्पत्तीमध्ये पाणी चढल्यावर कुणीच रडत नाही. देवाला यातना झाल्या त्या पूर येण्याआधी, माणसाच्या दुष्टपणामुळे. नोहा तर संबंध पुरात एक शब्द बोलत नाही. सांगितलं तसं करतो, आत जातो, पक्षी सोडतो, बाहेर येतो, वेदी बांधतो. त्याचं पित्त उलटत नाही, झरोका उघडल्यावर तो बसून रडत नाही. त्याचे पहिले शब्द आपल्याला ऐकू येतात ते पुरानंतर, द्राक्षमळा लावून, दारू पिऊन, शुद्धीवर आल्यावर. आणि ते शब्द नातवाला दिलेल्या शापाचे आहेत. यहुदी भाष्यकारांनीही या मौनावरून नोहाला टोचलं आहे: शेजाऱ्यांसाठी त्यानं एकदाही रदबदली कशी केली नाही?

वाचक म्हणून मला इथे बॅबिलोनची गोष्ट मोठी वाटते. दोष माणसांच्या पदरात टाकला की त्यांच्या मरणाचं दुःख करायची गरज उरत नाही, ही या बदलाची किंमत आहे. मेले ते दुष्ट होते. बाळंसुद्धा? गोष्ट विचारतच नाही.

पण उत्पत्तीचं पुस्तक नवव्या अध्यायाशी संपत नाही. एआची जागा पुराच्या गोष्टीत रिकामी राहिली होती. अठराव्या अध्यायात ती भरली जाते, आणि तिथे येऊन उभा राहतो एक माणूस. देव सदोम शहर नष्ट करायला निघाला आहे. अब्राहाम त्याला अडवून विचारतो, की दुष्टांबरोबर निर्दोषांनाही मारणार का? शहरात पन्नास भले असले तर? पंचेचाळीस? चाळीस? भाजीवाल्याशी घासाघीस करावी तसा तो दहावर येऊन थांबतो. हा एआचाच युक्तिवाद आहे. फरक एवढाच, की देवांच्या सभेत देवानं मांडलेला मुद्दा आता एक माणूस, स्वतःला धूळ आणि राख म्हणवून घेत, देवाच्या तोंडावर मांडतो. सदोम वाचत नाही. पण नोहाचं मौन मोडलं जातं.

अश्रूही परत येतात, वेगळ्या घरात. कुराणात नूहची गोष्ट आहे, आणि तिच्यात उत्पत्तीमध्ये नसलेला एक मुलगा आहे. बाप लाटांमधून त्याला हाक मारतो. तो म्हणतो, मी डोंगरावर चढेन. दोघांच्या मध्ये लाट येते. नंतर नूह देवाला म्हणतो, तो माझ्या कुटुंबातला होता. उत्तर कठोर मिळतं. तरी बुडालेल्यांपैकी एकाला नातं मिळालं, आणि ते विचारणारा बापही मिळाला.

आपल्या ओळखीची मनूची आणि माशाची गोष्ट या ओळीत कुठे बसते? शतपथ ब्राह्मणात ती अगदी थोडक्यात येते. ओंजळीतल्या पाण्यात आलेला छोटा मासा, त्याला वाढवणं, मग त्याच्या शिंगाला बांधलेली नाव. तिथे दोष कुणाचाच नाही आणि अश्रूही कुणाचे नाहीत. पूर येणार असतो म्हणून येतो. केंद्रस्थानी आहे ते मनूनं एका दुबळ्या जिवावर केलेलं उपकाराचं काम. कुणाकडून कुणाकडे असं नातं इथे लावायची घाई नको. प्रत्येक घर पुराला कोणता प्रश्न विचारतं, एवढं पाहिलं तरी पुष्कळ.

आठवणीची गाठ

२६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेनं सांगली-कोल्हापूर व्यापलं. अशा वेळी पाणी ओसरायच्या आत एक प्रश्न सुरू होतो: कुणामुळे? धरणाचे दरवाजे, नदीपात्रातली बांधकामं, तुंबलेले नाले, की 'माणसंच माजली होती'? या शेवटच्या उत्तराला किती जुनी मुळं आहेत, ते आता आपल्याला दिसतं. आणि ज्या कवीनं ठामपणे वर बोट दाखवून झोपमोड झालेल्याचं नाव घेतलं, तो त्याहूनही जुना आहे, हेही.

म्हणून तो तक्ता पुन्हा समोर आला तर त्यात एक ओळ तुमच्या हातानं वाढवा. बेलेत-इलीच्या गळ्यात निळ्या माश्यांचा हार आहे. उत्पत्तीमध्ये ढगांत धनुष्य आहे. हिब्रूत त्यासाठी वापरलेला शब्द बाण मारायच्या धनुष्याचाच, आपल्या इंद्रधनुष्यातही ते शस्त्र आहेच. आकाशात टांगून ठेवलेलं शस्त्र. आपण समजतो, ते माणसाला धीर द्यायला आहे. मूळ मजकूर काही वेगळं म्हणतो: ते पाहून देवाला स्वतःचा करार आठवावा, म्हणून ते आहे.

दोन्ही खुणा वरच्यांसाठी आहेत. एका गोष्टीत आई स्वतःच्या गळ्यातल्या हाराची शपथ घेते, दुसरीत देव स्वतःसाठीच ढगात खूण ठेवतो. बुडालेल्यांना विसरणं ताकदवानांना फार सोपं जातं, हे दोन्ही घरांना ठाऊक होतं. साम्यच मोजायचं असेल, तर मी हे मोजेन.